सॉफ्टवेअर बदलणार कंपनी, भुर्दंड व्हेंडरला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक शहरात टोयोटा, एथर अशा कंपन्या येणार म्हटल्यावर वाळूजच्या छोट्या वर्कशॉपमध्येही उत्साह आहे. काम वाढणार, यात शंका नाही. पण या कामासोबत येणाऱ्या एका कटकटीबद्दल कुठे छापून आलेलं मी वाचलं नाही, म्हणून लिहिते.

मी वाळूजमधल्या एका लहान टूलरूममध्ये वेल्डिंग फिक्स्चर (वेल्डिंग करताना भाग जागच्या जागी धरणारी साधनं) आणि शीटमेटलची, म्हणजे पत्र्याच्या भागांची, डिझाईन करते. गेल्या वर्षी आमच्या एका जुन्या ग्राहकाने कॅड, म्हणजे संगणकावर डिझाईन काढायचं, सॉफ्टवेअर बदललं. तो त्यांचा हक्क आहे. मग खरेदी विभागाचा मेल आला की पुढच्या महिन्यापासून सगळ्या फाईल नव्या सॉफ्टवेअरच्या फॉरमॅटमध्ये द्या, जुन्या जॉबच्यासुद्धा. पैशांचा विषयच नाही. फोन केला तर साहेब म्हणाले, "मॅडम, सेव्ह अ‍ॅज तर मारायचंय, त्याचं काय बिल लावता?"

या 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये काय होतं ते साहेबांना एकदा आमच्या खुर्चीवर बसवून दाखवायला हवं. एका सॉफ्टवेअरची पार्ट फाईल दुसऱ्यात जशीच्या तशी उघडत नाही. मध्ये स्टेप फाईल करावी लागते. हे आयएसओ 10303 नावाचं जागतिक मानक 1994 पासून आहे आणि आकार नेण्याच्या कामात ते चोख आहे. त्याआधीच्या आयजेस या फॉरमॅटमध्ये तर पृष्ठभागांच्या कडा उघड्या पडायच्या, त्या शिवत बसावं लागायचं. पण स्टेपमधून जातो तो मुख्यतः आकार. आधी कोणतं स्केच काढलं, कोणत्या मापावर कोणतं माप अवलंबून ठेवलं, हा सगळा फीचर ट्री मागेच राहतो. सॉलिडवर्क्स, सॉलिड एज आणि एनएक्स या तीन कॅड सॉफ्टवेअरचं आकार घडवणारं इंजिन पॅरासॉलिड हे एकच, त्यामुळे त्यांच्यात आकार आणखी स्वच्छ जातो. ट्री तरीही जात नाही. उद्या ग्राहकाने एका पिनची जागा 5 मिमी सरकवायला सांगितली, तर जुन्या फाईलमध्ये एक आकडा बदलून जे व्हायचं, त्यासाठी नव्या फाईलमध्ये अर्धा पार्ट पुन्हा काढावा लागतो.

बारीक गोष्टी तर आणखी छळतात. एम8 चा टॅप केलेला होल पलीकडे बहुधा 6.8 मिमीचा साधा होल होऊन पोहोचतो. आमचा व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशीन) ऑपरेटर मॉडेल बघून होल मारतो आणि असेंब्लीवाला विचारत येतो, "मॅडम, आटे कुठायत?" डॉवेलच्या, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या पिनच्या, होलवर 12 एच7 असं माप आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिलेलं असतं ते ड्रॉइंगवर, आणि ड्रॉइंगचा मॉडेलशी असलेला दुवा तर आधीच तुटलेला. एपी242 या नव्या स्टेपमधून टॉलरन्सही नेता येतात, पण त्या आधी मॉडेलवर चढवलेल्या असतील तरच. आमच्याकडच्या जुन्या मॉडेलवर त्या कुणी चढवल्यात?

शीटमेटलचं सांगते. पत्रा वाकवताना किती ताणला जाईल, हे ठरवायचा आकडा म्हणजे के-फॅक्टर. नवं सॉफ्टवेअर बेंडसाठी तो स्वतःचा धरतं. पूर्वी 0.44 होता आणि आता 0.5 धरला गेला, तर 2 मिमी पत्र्याच्या एका काटकोनी बेंडला सुमारे 0.19 मिमीचा फरक पडतो. चार बेंडच्या ब्रॅकेटला पाऊण मिमी. स्क्रीनवर घडी घातलेला पार्ट अगदी बरोबर दिसतो. चुकतो तो कापायचा सपाट पत्रा.

आणि एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या सल्लागारांच्या यादीत कधीच नसते. आमचे फिटर गंगापूर-पैठणकडचे, म्हणून जुन्या ड्रॉइंगवर 'ही बाजू वर', 'आधी पिन, मग क्लॅम्प' अशा सूचना मराठीत टाकलेल्या आहेत, त्याही युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या सूचना बसून परत टाईप करण्याला पर्याय नाही.

हे फक्त छोट्यांचं रडगाणं आहे असं कुणी समजू नये. एअरबसच्या ए380 विमानात वायरिंग नीट बसेना आणि 2006 मध्ये त्याचं वेळापत्रक कोलमडलं. त्यामागे जर्मनी आणि फ्रान्समधल्या केंद्रांकडे कॅटियाच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या असणं हे एक मोठं कारण होतं. एकाच सॉफ्टवेअरच्या, बरं का.

माझं म्हणणं एवढंच की सॉफ्टवेअर बदलायचा निर्णय ज्याचा, खर्चही त्याचाच. जुना जॉब नव्या सॉफ्टवेअरमध्ये फीचरसकट हवा असेल तर ते नवं डिझाईन आहे. त्याची वेगळी पीओ (खरेदीची ऑर्डर) निघाली पाहिजे. तसंही सगळ्याच फाईल हलवायची गरज नसते. ज्यात बदल येत राहतात ते चालू जॉब नव्याने काढावेत. अधूनमधून येणाऱ्यांची स्टेप आणि पीडीएफ पुरे. बंद पडलेले जॉब आहेत तिथेच राहू द्यावेत. हलवलेल्या प्रत्येक पार्टचं घनफळ, वजन आणि गुरुत्वमध्य जुन्या फाईलशी ताडून बघावं, आणि निदान वर्षभर जुन्या सॉफ्टवेअरचं एक लायसन्स चालू ठेवावं. भाड्याचं लायसन्स संपलं की आपलीच फाईल आपल्याला उघडता येत नाही, हे अनेक मालकांना वेळ आल्यावर कळतं.

चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमने या ताडणीचा दोन-तीन दिवसांचा वर्ग घेतला तर आमच्यासारखे नक्की येतील. आमच्याकडे कामाला येणाऱ्या पॉलिटेक्निकच्या मुलांना कमांड तोंडपाठ असतात, पण आलेली फाईल तपासायची कशी, हे माहीत नसतं.

बिडकीनच्या कंपन्यांची व्हेंडर नोंदणी होईल, तेव्हा उद्योजक संघटनांनी त्या फॉर्मवरच दोन रकाने मागून घ्यावेत: फाईल कोणत्या फॉरमॅटमध्ये आणि कोणत्या आवृत्तीत लागणार, आणि सॉफ्टवेअर बदललं तर किती महिने आधी कळवणार व रूपांतराचा दर काय देणार. नोंदणी झाल्यावर हे विचारायला कोणताही व्हेंडर धजावत नाही.

आपली,
एक टूल डिझायनर
बजाजनगर, वाळूज, छत्रपती संभाजीनगर