लोको शेड आणि गावाची वस्ती

महोदय,

१८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, त्याच साली अमेरिकेत इलिनॉय सेंट्रल कंपनीने आपल्या दोन फाट्यांच्या सांध्यावर सेंट्रेलिया गाव आखलं. गावाचं नावही कंपनीवरूनच पडलं. रेल्वे गावातून गेली नाही, गावच रेल्वेसाठी वसलं. अशा गावांची लोकसंख्या समजायला आधी वाफेचं इंजिन समजायला हवं.

तिकडे साधारण १६० किलोमीटरवर इंजिन आणि कर्मचारी बदलत आणि तिथे इंजिनांच्या देखभालीची जागा, म्हणजे लोको शेड असे. बॉयलरच्या नळ्यांवर कठीण (क्षारयुक्त) पाण्याचा क्षार पापुद्र्यासारखा बसतो. मग उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, कोळसा जास्त लागतो आणि धातू तापून फुगतो. म्हणून महिन्यातून किमान एकदा इंजिन थंड करून, पाणी सोडून, बुचं काढून आतला गाळ जोराच्या पाण्याने धुवावा लागे. त्यासाठी फिटर, बॉयलरवाले, खलाशी (शेडमधले मदतनीस) अशी कितीतरी माणसं लागत. डिझेल इंजिन आलं आणि हे कामच उरलं नाही. सेंट्रेलियाची वस्ती २०१० मध्ये १३,०३२ होती, २०२० मध्ये १२,१८२. अर्थात तिथले इतर उद्योगही या घटीत धरायला हवेत.

आपल्या इगतपुरीलाही गाड्यांना लागणारा विजेचा प्रवाह डीसीवरून एसीवर (एका प्रकारावरून दुसऱ्यावर) बदलत असे, त्यामुळे तेव्हा बहुतेक गाड्यांचं इंजिन तिथे बदलावं लागे. तिथल्या शेडची हजेरीपुस्तकं रद्दीत जाण्याआधी रेल्वेने ती जपावीत. जनगणना फक्त डोकी मोजते. कोणत्या कामाची किती माणसं कधी कमी झाली, ते या वह्यांतच सापडेल.

– एक रेल्वे अभ्यासक, परळ, मुंबई