रविवारच्या बैठकीची आठवण

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता नौपाड्यातल्या नेहमीच्या सभागृहात भेटायचं आहे. विषय: अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन.

बोस-आइन्स्टाइन संघनित (अणू अतिशय थंड केल्यावर मिळणारी पदार्थाची एक वेगळी अवस्था) प्रत्यक्षात आणल्याबद्दल २००१ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. पुढे त्यांनी आपलं लक्ष महाविद्यालयीन विज्ञान अध्यापनाकडे वळवलं. २०११ मधला त्यांच्या गटाचा प्रयोग सगळ्यांनी वाचून यावा. एकच अभ्यासक्रम, दोन मोठे वर्ग, एकच आठवडा. एका वर्गाला अनुभवी प्राध्यापकाने व्याख्यान दिलं; दुसऱ्यात नवख्या शिक्षकांनी मुलांना गटात प्रश्न सोडवायला लावले. चाचणीत पहिल्या वर्गाची सरासरी ४१ टक्के, दुसऱ्याची ७४. मी स्वतः कित्येक वर्षं फळा भरून शिकवलं, म्हणून हे आकडे मला फार लागले.

त्यांनी सुरू केलेली ‘फेट’ सिम्युलेशन्स (संगणकावर करून पाहायचे विज्ञानाचे प्रयोग) मोफत आहेत, बरीचशी मराठीतही. दहावीपर्यंत मराठीतून शिकून आलेल्या आपल्या मुलांसाठी ती जरूर पाहा.

प्रत्येकाने आपल्या विषयातला, मुलं हमखास चुकतात असा एक प्रश्न लिहून आणावा. लॅपटॉप असल्यास सोबत घ्यावा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं, चहा-नाश्त्याचं सांगायचं आहे.