पाकीट तुम्ही मलाच वाचायला दिलंत

प्रिय ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभ्या असता, चष्मा कपाळावर सरकवलेला असतो, एवढीच ओळख. त्या दिवशी तुमच्यासमोर मी रडले नाही. घरी येऊन रडले.

माझं हिमोग्लोबिन 8.9 वर आलं होतं. पाळीत वर्षानुवर्षं अंगावरून फार जायचं, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी गर्भनिरोधक गोळ्या सुरू झाल्या होत्या. लोहाच्या गोळ्या लिहून देताना डॉक्टरांनी दुसरं काही चालू आहे का, हे विचारलंच नाही. मी विचारलं, दोन्ही एकत्र चालतील ना? त्यांनी वर न बघता "काही होत नाही" म्हटलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. दुसऱ्या एका दुकानात हळूच विचारलं, तर तिथल्या माणसाने "कसल्या गोळ्या?" असं इतक्या मोठ्याने विचारलं की रांगेतले सगळे वळून बघायला लागले. मी काही न घेताच निघाले. मग ओळखीतल्या एकीने सांगितलं, लोह घेतलं की गर्भनिरोधक गोळी निकामी होते. दोन महिने मी लोहाच्या गोळ्यांना हात लावला नाही. एक जिना चढला की भिंतीला टेकून उभी राहायचे.

तुम्ही काउंटरच्या या बाजूला आलात. माझ्याच पर्समधलं गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट मागितलंत, उलटं केलंत, बारीक अक्षरांखाली नख ठेवलंत आणि म्हणालात, "तुम्हीच वाचा." मी वाचलं. 21 गोळ्या हार्मोनच्या, शेवटच्या 7 तपकिरी गोळ्यांमध्ये फेरस फ्यूमरेट. "हे लोहच," तुम्ही म्हणालात. म्हणजे ज्या दोन गोष्टी एकत्र घ्यायला मी घाबरत होते, त्या एकाच पाकिटात शेजारी बसल्या होत्या आणि इतके महिने मी त्या गिळतही होते! तोंडी सांगितलं असतंत तर मी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा घाबरले असते. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं मात्र कुणी पुसू शकत नाही.

त्या सात गोळ्यांनी माझी कमतरता भरून निघणार नाही, लोहाचा वेगळा डोस हवाच, हेही तुम्ही सांगितलंत. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तस्राव कमी होतो, म्हणजे त्या माझ्या बाजूनेच काम करत होत्या. भांडण लोहाचं चहाशी, कॅल्शियमशी, थायरॉइडच्या गोळीशी आणि काही अँटिबायोटिक्सशी, त्यांच्यात अंतर ठेवायचं. शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही. मग तुम्ही विचारलंत, "पूर्वी कधी लोहाच्या गोळीने उलटी झाली होती का?" झाली होती. हा प्रश्न तोवर कुणालाच सुचला नव्हता. गर्भनिरोधक गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती अंगी लागली नाही असं धरायचं, म्हणून लोह सकाळी आणि ती गोळी रात्री. खरी काळजी कुठे करायची आणि कुठे नाही, हे तुम्ही पाच मिनिटांत वेगळं करून दिलंत. "लाजायचं काय त्यात" असलं एक वाक्यही तुम्ही बोलला नाहीत. आवाज मात्र पूर्ण वेळ खाली ठेवलात. बाईला न विचारता तिची लाज राखणारी माणसं फार थोडी भेटतात, आणि भेटली की ज्यांनी राखली नाही त्यांचा राग नव्याने येतो.

परवा तपासणी झाली. 11.6. बाराच्या वर गेल्यावरही शरीरातला लोहाचा साठा भरायला आणखी तीन महिने गोळ्या घ्यायच्या, हे तुमचं सांगणं लक्षात आहे. पुढचा रिपोर्ट आला की दुकानात येईन. या वेळी तुम्ही वाचा.

तुमची,
जिना न थांबता चढणारी