बोहरी आळीतल्या काटेवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

मी तुम्हाला आठवेन की नाही, कोण जाणे. शाळेचा बंद पडलेला इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आलेली विज्ञानाची बाई. दुरुस्तीचे पैसे तेव्हाच दिले, पण जाता जाता जे शिकवलंत त्याचे आभार राहिले होते. ते इथे, सगळ्यांसमोर.

काटा सुरू झाल्यावर तुम्ही त्यावर वजन ठेवलं नाहीत. बोटाने दाबून आकडा 1 किलोवर आणलात आणि म्हणालात, "वर बटाटे आहेत की बोट, त्याला काय कळतंय?" वस्तुमान (वस्तूत माल किती) आणि वजन (पृथ्वी तिला किती जोराने ओढते) यांतला फरक मी नववीला दरवर्षी फळ्यावर लिहिते, पोरं पाठ करतात आणि सहामाहीनंतर विसरतात. आता वर्गात आधी तुमचं बोट येतं. बोटात किलोभर माल नाही, तरी काटा किलो दाखवतो, म्हणजे तो मोजतोय ते बल. पुण्यात गुरुत्व त्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीमुळे येणारं त्वरण, साधारण 9.78 मीटर प्रति सेकंद वर्ग, तेव्हा बोटाचं ते बल साधारण 9.78 न्यूटन. किलो हा आकडा बाजाराच्या सोयीचा.

झाकण काढून दाखवलेली भोकाची ॲल्युमिनियमची पट्टीही पोरांनी पाहिली. भार आला की ती किंचित वाकते, तिला चिकटवलेल्या बारीक जाळीचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा ठरतो. एकाने लगेच विचारलं, "बाई, हा काटा उत्तर ध्रुवावर नेला तर?" तिथे त्वरण 9.83. पुण्यात जुळवलेला काटा तिथे किलोमागे जवळजवळ 5 ग्रॅम जास्त दाखवेल. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही सराफाला विचारा, 5 ग्रॅम म्हणजे काय ते! जुना दोन पारड्यांचा तराजू मात्र तिथेही फसत नाही, कारण ओढ दोन्हीकडे सारखीच वाढते. प्रमाणित वजन ठेवून तुम्ही काटा का जुळवता, ते पोरांना तेव्हा पटलं.

तुम्ही वर तसाच दिलेला हुकाचा स्प्रिंगकाटा तर सुटीतही हातातून सुटत नाही. दप्तर फरशीवरून ओढायचं आणि आकडा वाचायचा. दप्तर हलायला लागेपर्यंत जोर जास्त लागतो, सरकायला लागल्यावर कमी. घर्षणाचा अर्धा धडा तिथेच होतो. पण ओढून ओढून स्प्रिंग सैल पडली आहे, काटा शून्यावर परत येत नाही. न्यूटनच्या खुणा असलेला एखादा मिळाला तर बाजूला ठेवा. गणपतीनंतर येते. या वेळी पैसे घ्यायचे.

आपली,
नववीची विज्ञानाची बाई