थेलरबद्दल, जरा सविस्तर

प्रिय मित्रा,

तू विचारलंस की हा रिचर्ड थेलर नेमका कोण, सायकॉलॉजीवाला की इकॉनॉमिक्सवाला, आणि मी त्याचं एवढं काय घेऊन बसलोय. मेसेजमध्ये उत्तर द्यायला गेलो तर धड सांगून होणार नाही म्हणून पत्रच लिहितोय. लांबणार आहे, निवांत वाच.

जन्म १९४५, न्यू जर्सीतला. पीएचडी रॉचेस्टर युनिव्हर्सिटीतून, १९७४ साली, आणि थिसिसचा विषय काय तर माणसाच्या जिवाची किंमत. म्हणजे धोक्याच्या कामाला पगार किती जास्त मिळतो ते बघायचं आणि त्यावरून लोक स्वतःच्या जिवाच्या जोखमीला काय भाव लावतात त्याचा हिशोब मांडायचा, अगदी नेहमीचं इकॉनॉमिक्स. पण पठ्ठ्याने मधेच लोकांना सरळ जाऊन विचारलं. हजारात एक इतका मरणाचा धोका घालवायला किती पैसे द्याल? आणि तेवढाच धोका नव्याने अंगावर घ्यायला किती घ्याल? थिअरीप्रमाणे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत ना, पण दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट यायला लागला. गाइड होते शर्विन रोझेन, त्यांनी सांगितलं की यात वेळ घालवू नकोस, थिसिस पुरा कर. त्याने थिसिस पुरा केला पण तो प्रश्न काही त्याच्या डोक्यातून गेला नाही.

मग त्याने ऑफिसातल्या फळ्यावर एक यादी करायला घेतली, लोक असं काय काय करतात जे पुस्तकातला हिशोबी माणूस कधीच करणार नाही. त्यातला एक किस्सा मला फार आवडतो. स्टुडंट असतानाच त्याने मित्रांना जेवायला बोलावलं होतं, जेवणाआधी काजूंचा मोठा बाऊल ठेवला आणि सगळे त्यावर असे तुटून पडले की आता जेवणार कोण असं व्हायला लागलं, तेव्हा त्याने बाऊल उचलून आत नेऊन ठेवला. सगळे खूश, थँक्यू म्हणाले! आणि सगळे इकॉनॉमिक्सचे विद्यार्थी असल्यामुळे लगेच चर्चा सुरू, की समोरचा एक पर्याय काढून घेतल्यावर आपण खूश कसे झालो? पर्याय जास्त असणं कधीच वाईट नसतं असं शिकवलंय ना आपल्याला? दुसरा किस्सा बास्केटबॉलच्या फुकट तिकिटांचा. बर्फाचं वादळ आलं म्हणून थेलर आणि त्याचा मित्र मॅचला गेले नाहीत, पण मित्र म्हणाला की तिकिटं पैसे देऊन घेतली असती तर आपण गेलो असतो. बर्फ तेवढंच, मॅच तीच, गेलेले पैसे काही परत येणार नाहीत, तरी निर्णय मात्र उलटा.

ही यादी बघून बाकीचे म्हणायचे की चालायचंच, लोक थोडेफार चुकतात, सरासरीत सगळं जिरून जातं. मला वाटतं थेलरचं सगळं करिअर या एका मुद्द्यावर उभं आहे. चुका इकडेतिकडे विखुरलेल्या असत्या तर सरासरीत जिरल्या असत्या, पण सगळे एकाच बाजूला झुकत असतील तर कशा जिरतील? हे त्याला डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्व्हर्स्कीचे पेपर वाचून लख्ख कळलं. हे दोघं सायकॉलॉजिस्ट १९७७-७८ मध्ये स्टॅनफर्डला येणार आहेत हे कळल्यावर त्याने स्वतःची त्या वर्षाची सोय तिथे लावून घेतली आणि त्यांच्या मागेच लागला. मग कॉर्नेलला नोकरी, आणि १९८० मध्ये त्या यादीचाच पेपर.

कॉर्नेलचं नाव निघालं की कॉफीच्या मगांचा प्रयोग आलाच. हा प्रयोग तुला नीट सांगतो कारण मला तो सगळ्यात सुंदर वाटतो. वर्गात ४४ विद्यार्थी, त्यातल्या निम्म्यांना, एकाआड एक, कॉर्नेलचा लोगो असलेला कॉफीचा मग दिला, दुकानात ६ डॉलरला मिळणारा. नंतर प्रयोग करणारे म्हणाले, आता बाजार भरवू, ज्याला विकायचाय त्याने किती घेणार ते लिहा, ज्याला घ्यायचाय त्याने किती देणार ते लिहा. आता कॉफीचा मग कुणाला मिळाला हे निव्वळ नशिबावर, त्यामुळे मगाची जास्त आवड असणारे दोन्हीकडे सारखेच असणार, म्हणजे २२ पैकी साधारण ११ मग हातातून हातात जायला हवेत. गेले किती? पहिल्या फेरीत ४, पुढच्या फेरीत १, नंतर २, परत २. ज्यांच्या हातात मग होता ते साधारण सव्वापाच डॉलर मागत होते आणि ज्यांच्याकडे नव्हता ते अडीचच्या आसपासच द्यायला तयार. आणि त्यांनी त्याच मुलांकडून आधी टोकनचा बाजार करून घेतला होता, प्रत्येक टोकनची किंमत आधीच ठरवून दिलेली, तो बाजार पुस्तकात लिहिलाय तसाच चालला होता. म्हणजे मुलांना खरेदी-विक्री समजली नाही असंही म्हणायची सोय ठेवली नाही. काहनेमान, जॅक नेच आणि थेलर, १९९० चा पेपर. याला म्हणतात एंडावमेंट इफेक्ट. वस्तू आपली झाली की ती सोडणं हे नुकसान वाटायला लागतं, आणि नुकसान फायद्यापेक्षा जास्त बोचतं.

याच तिघांनी त्याआधी कॅनडात फोनवरून लोकांना विचारलं होतं, दुकानदार बर्फाचं फावडं १५ डॉलरला विकत होता, मोठं बर्फ पडलं आणि दुसऱ्या सकाळी त्याने भाव २० केला, हे बरोबर का? ८२ टक्के लोक म्हणाले हे बरोबर नाही. मागणी वाढली की भाव वाढतो हे आपण पहिल्या वर्षी घोकलेलं, पण दुकानदाराला गिऱ्हाईक सांभाळायचं असेल तर हे ८२ टक्के पण त्याच्या हिशोबात धरावे लागतात.

शेअर बाजारातलं काम थोडक्यात सांगतो, त्यात मला तेवढी गती नाही. वर्नर डी बाँटबरोबर १९८५ मध्ये त्याने दाखवलं की आधीची तीन वर्षं सपाटून पडलेले शेअर पुढच्या तीन वर्षांत आधी चढलेल्यांना साधारण २५ टक्क्यांनी मागे टाकतात. बाजार नेहमी बरोबर असतो असं मानणाऱ्यांना हे झोंबलं. आणि तरी १९९५ मध्ये तो गेला कुठे, तर शिकागोला! म्हणजे जिथे त्या मताचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते युजीन फामा स्वतः बसलेले. मला याचं फार कौतुक वाटतं, कारण आपल्या मताच्या लोकांत बसून पेपर लिहिणं सोपं असतं.

आता ज्यासाठी मी एवढं सगळं लिहितोय ते. लोक कुठे चुकतात हे दाखवून तो थांबला नाही. अमेरिकेत निवृत्तीसाठीची बचत बहुतेक ज्याची त्याने ठरवायची, आणि लोक ठरवतच नाहीत. श्लोमो बेनार्त्झी आणि थेलरने एक प्लॅन काढला, सेव्ह मोअर टुमॉरो नावाचा. आज पगारातून एक पैसाही जास्त कापायचा नाही, फक्त आज एवढंच कबूल करायचं की पुढची पगारवाढ मिळेल तेव्हा बचतीचा टक्का आपोआप वाढेल, त्याच्या पुढच्या वाढीला परत वाढेल. कधीही बाहेर पडायची मुभा. बघ ना किती विचार केलाय, हातात येणारा पगार कमी होत नाही म्हणून नुकसान वाटत नाही, संयम आज नाही उद्या दाखवायचा म्हणून माणूस हो म्हणतो, आणि बाहेर पडायचा आपल्याला कंटाळा असतो तो इथे उलटा आपल्याच कामी येतो. पहिल्या कंपनीत ज्यांना विचारलं त्यातले ७८ टक्के लोक आले, आणि ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ वर गेली. कुणाला लेक्चर नाही, कुणाला तुम्ही उधळे आहात म्हणून हिणवणं नाही. माणूस जसा आहे तसा धरून चालायचं आणि त्याला स्वतःलाच जे हवंय तिथपर्यंतची वाट सोपी करायची, मला यात नुसती हुशारी नाही तर माणसाबद्दलची माया दिसते.

२०१७ चं इकॉनॉमिक्सचं नोबेल मिळालं ते या सगळ्यासाठी. पण अलीकडे तो ज्या विषयावर बोलतो, स्लज, त्यावर मला वाटतं अजून खूप काम व्हायला हवं. म्हणजे मुद्दाम घातलेले अडथळे, मेंबरशिप एका क्लिकवर मिळते पण बंद करायला फोन करा, फॉर्म भरा, वाट बघा. आपला जो कंटाळा सेव्ह मोअर टुमॉरोत आपल्या बाजूने होता तोच इथे आपल्याविरुद्ध वापरला जातो. विद्या एकच आहे रे, वापरणारा कोण ते बघायचं.

काहनेमानने एका पत्रकाराला सांगितलं होतं की थेलरचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो आळशी आहे, म्हणजे काय तर प्रश्न खरंच भारी असेल तरच तो कामाला हात लावतो. तू पीएचडीचा विषय शोधतोयस म्हणून हे मुद्दाम सांगतोय. गाइड सोपं म्हणतात, लवकर होईल म्हणतात, ते ठीक आहे, पण तुझ्या डोक्यातून जात नाही असा प्रश्न कोणता ते मला लिहून पाठव.

आणि एक काम कर, न्यूयॉर्कच्या टॅक्सी ड्रायव्हरांवरचा १९९७ चा पेपर वाच, कॅमरर, बॅबकॉक, लोवेनस्टाइन आणि थेलर. त्यांचं म्हणणं की कमाई चांगली होते त्या दिवशी ड्रायव्हर लवकर घरी जातात, दिवसाचं टार्गेट पुरं झालं की बस. त्यावर हेन्री फार्बरने नंतर वेगळा डेटा घेऊन हे तितकंसं खरं नाही असं मांडलं. मी दोन्ही वाचलेत आणि मला अजून थेलरच्याच बाजूने जावंसं वाटतंय, पण स्टॅटिस्टिक्स तुझं पक्कं आहे. फार्बरचा मॉडेल तू तपास आणि रविवारी फोन कर, मला यावर भांडायचंय.

तुझाच,
मी

ता. क. कॅमररच्या पेपरमधलं नवख्या आणि मुरलेल्या ड्रायव्हरांमधल्या फरकाचं टेबल सोडू नकोस, मला खरी गंमत तिथेच वाटते.