स्मार्टवॉच आणि बांगड्यांचा हात

मा. संपादक,

आपल्या सणासुदीच्या पुरवणीत स्मार्टवॉच थेट दागिन्यांच्या पानावर पाहिलं. पैठणी, नथ, चार पाटल्या आणि त्यांच्यामागे सैल लोंबणारं सोनेरी घड्याळ. शेजारी मजकूर मात्र हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजन मोजण्याचा. इतकं सैल घड्याळ ठोके कसले मोजणार?

या घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे कातडीवर उजेड टाकतात. रक्त तो शोषून घेतं, ठोक्यागणिक परतणारा उजेड कमी-जास्त होतो आणि त्यावरून नाडी काढली जाते. म्हणून पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, नीट टेकून बसायला हवा. आमच्या बांगड्या नेमक्या तिथेच असतात! घट्ट बांधावं तर मे महिन्यात घामाने पट्ट्याखाली लाल चट्टा उठतो. माझ्या सुनेने बांगड्या डावीकडे ठेवून घड्याळ उजव्या हातात घातलं, तर पोळ्या लाटता लाटता ओट्यापाशी उभ्या उभ्या तिची पावलं वाढू लागली. त्यावर घरात हसणं झालं, ते सोडा.

गोंदणाची शाई हा उजेड अडवू शकते, हे ॲपल स्वतःच सांगतं. गावाकडे मनगटभर गोंदलेल्या आज्या आजही आहेत, आणि काळजीपोटी त्यांना ही घड्याळं भेट देणारी नातवंडंही आहेत.

कातडीच्या रंगाचा प्रश्न याहून गंभीर. कोविडमध्ये घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०२० मध्येच दाखवून दिलं की, रक्तातला ऑक्सिजन घसरलेला असूनही यंत्राने ‘ठीक’ दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. ते तर बोटाला लावायचं, दवाखान्यातलं यंत्र. मनगटावरच्या घड्याळाच्या माहितीपत्रकात ‘वैद्यकीय वापरासाठी नाही’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. जाहिरातीत आरोग्याचा पहारेकरी, माहितीपत्रकात नुसती हौसेची वस्तू!

हौस म्हणून कुणी घालावं, माझं काही म्हणणं नाही. पण कोणत्या वर्णाच्या आणि केवढ्या मनगटांच्या माणसांवर हे घड्याळ तपासलं, ते कंपन्यांनी खोक्यावर मराठीत छापावं. आणि पुढच्या पुरवणीत छायाचित्राखाली आपणही एवढी ओळ टाकावी : ‘मोजमाप हवं असल्यास बांगड्या दुसऱ्या हातात.’

– एक वाचक, सांगली