नाव विचारायचं राहिलं

देवगिरी एक्स्प्रेसने अण्णांना परभणीहून मुंबईला नेलं, त्या रात्री सेलूला चढलेल्या काकू, गुडघे दुखत असूनही तुम्ही खालचा बर्थ सोडला. नाव विचारायचं राहिलं.

ऑपरेशनआधी कंपवाताच्या गोळ्या बंद. अण्णा लाकडासारखे ताठ. मेंदूत तारा बसवताना त्यांना जागंच ठेवलं होतं, थरथर कमी होते का ते तिथंच बघतात म्हणून. तेव्हा हात धरून कापसाच्या भावावर बोलत राहिलेले दादा, तुम्ही डॉक्टर की वॉर्डबॉय, अण्णांना आजही सांगता येईना. ‘लई गोड माणूस,’ एवढंच म्हणतात. (भावावरून भांडलेही म्हणे!)

छातीत कातडीखाली त्या तारांची बॅटरी आहे. आजार गेलेला नाही, चालताना अडखळतातच. पण परवा बशीतला चहा सांडला नाही. तुमचे लई उपकार.